सहाव्या लढतीतलं माउथगार्ड

मी संशयी बाई आहे, हे आधीच सांगून टाकते. शांती नगरच्या आमच्या बिल्डिंगमध्ये सगळ्यांना ठाऊक आहे. भाजीवाल्याने पालकाची जुडी दिली की मी ती तिथेच सोडते आणि आतली पानं सडकी निघाली की त्याच्याच टोपलीत परत टाकते. तो म्हणतो, "मॅडम, आपको तो भगवान पे भी भरोसा नहीं." केबिन रोडच्या एका गल्लीत, पहिल्या मजल्यावर, दातांच्या लॅबमध्ये मी चोवीस वर्षं काम करतेय. डॉक्टर पेशंटच्या दातांचं माप पाठवतात, त्यात प्लास्टर ओतून आम्ही साचा काढतो आणि त्या साच्यावर कवळ्या नि कॅपा बनवतो. सोबतच्या चिठ्ठीवर लिहिलेलं असतं, पेशंट झोपेत दात खात नाही. साचा हातात घ्यावा तर दाढा घासून पाट्यासारख्या सपाट! मग मी चिठ्ठीवर विश्वास ठेवू की दाढांवर?

माझा भाऊ माझ्याहून सतरा वर्षांनी धाकटा. आईवडील गिरगावातली खोली सोडून इथे आले तेव्हा तो नुकता चालायला लागला होता, आणि दोघंही गेले तेव्हा तो दहावीत होता. तेव्हापासून मी त्याची ताई नावालाच, ओरडण्याचं खातं माझ्याकडे आईचंच आलं. वाढत वाढत तो सहा फूट तीन इंच आणि एकशे चार किलो झाला. मॉलमध्ये सुरक्षारक्षकांचा सुपरवायझर होता आणि बाकी सगळा वेळ बॉक्सिंग. नव्वद किलोच्या वरचा तो हेवीवेट गट. आपल्याकडे या गटात मुळात माणसंच कमी, त्यामुळे त्याला लढती मिळायला लागल्या त्या भराभर.

मुख्य लढत संध्याकाळी सातची असली की छोट्या लढती चारला सुरू होतात. त्यांना अंडरकार्ड म्हणतात. त्याची पहिली लढत भाईंदर पश्चिमेच्या एका लग्नाच्या हॉलमध्ये होती. मधोमध रिंग, भोवती पांढरी कव्हरं घातलेल्या खुर्च्या, आणि मागच्या भिंतीवर आदल्या दिवशीच्या नवरानवरीची थर्माकोलची अक्षरं अर्धीच उखडलेली. तीनशे खुर्च्यांत जेमतेम चाळीस माणसं, त्यातली निम्मी वडापाव खाण्यात गुंग. माझा भाऊ रिंगमध्ये आला. समोर पोट सुटलेला एक माणूस. घंटा झाली, मी पर्समधून चष्मा काढून डोळ्यांवर चढवेपर्यंत तो माणूस आडवा. "अगं बाई, झालं?" मी शेजारच्याला विचारलं. "झालं," तो म्हणाला आणि वडापावचा पुढचा घास घेतला.

घरी आल्यावर मी भावाला म्हटलं, "हा कोण पकडून आणला होता रे? वाऱ्यानेसुद्धा पडला असता."

तो चिडला नाही. फोन काढून बसला माझ्या शेजारी. त्याच्या फोनमध्ये जगज्जेत्यांच्या लढती भरलेल्या होत्या, पण त्या जगज्जेते झाल्यानंतरच्या नव्हेत. त्याच्या आधीच्या, कोणी न बघितलेल्या. कुठल्या तरी गावातला हॉल, मागे दिवे चालू, माणसं अजून जागा शोधतायत, आणि रिंगमध्ये एकोणीस-वीस वर्षांचा एक पोरगा, ज्याला पुढे सगळं जग ओळखणार असतं. समोर एखादा ट्रकवाला नाहीतर हमाल. चाळीस सेकंदांत खेळ खलास. मग पुढची लढत, पुढचा हमाल.

"बघ ताई," तो म्हणाला, "सगळे असेच सुरू झालेत. आधी बुटका देतात, मग उंच, मग डावखुरा, मग एखादा असा जो लवकर पडत नाही. एकेक इयत्ता असते. पाठ झाला की पुढची."

"आणि हा पडणारा? त्याची कितवी इयत्ता?"

"त्याचं कोण बघतं?"

मी बघत होते. माझी नजर त्या जगज्जेत्यावर ठरतच नव्हती, जायची ती पडणाऱ्याकडेच. काही खरे पडायचे, गुडघ्यातून मेणासारखे वाकून. काही मात्र आधी जागा बघून पडल्यासारखे वाटायचे. एक जण तर पडताना हात टेकून पडला. माझ्या डोक्यात किडा शिरला तो तिथे. ह्यातले किती खरे पडले आणि किती जणांना पडायलाच आणलं होतं?

माझा भाऊ दुसरी जिंकला, तिसरी जिंकला. चौथ्या लढतीआधी आयोजकाने मला गाठलं. गुजराती माणूस, पूर्वी लग्नाचे मंडप घालायचा, आता बॉक्सिंग भरवतो. मी दातांचं काम करते हे त्याला कळलं होतं. "मॅडम, सब बॉक्सर का माउथगार्ड आप ही बनाओ ना," म्हणाला. माउथगार्ड म्हणजे दातांवर बसवायचं रबरासारखं कवच. मार बसतो तेव्हा बॉक्सर ते गच्च चावून धरतो, म्हणून जबडा जागेवर राहतो. मी हो म्हटलं. मला काय, समोरच्यांची तोंडं बघायची संधीच चालून आली! माझ्या भावाशी लढायला येणारा प्रत्येक जण आधी माझ्या लॅबमध्ये येऊन खुर्चीत बसून आ करायला लागला.

लढतीनंतर गार्ड परत आलं की मी ते उजेडात धरून बघायचे. जो मनापासून लढला त्याच्या गार्डवर दाढांचे खड्डे पडलेले असतात, कडा चावून चिरलेल्या असतात. चौथ्याचं गार्ड तसं होतं, पाचव्याचंही होतं. मला जरा बरं वाटलं.

सहावा उत्तनचा होता. मासेमारी करणारा, चाळिशीला टेकलेला, मान माझ्या मांडीएवढी. तरुणपणी राज्य पातळीवर खेळला होता म्हणे. माप देताना त्याने खुर्चीत बसूनच हात जोडले आणि एक शब्द बोलला नाही. ही लढत मोठी होती, कारण ही जिंकली की माझा भाऊ अंडरकार्डातून बाहेर पडणार होता. सातवी लढत मुख्य, आठ फेऱ्यांची, आणि समोर परदेशातून येणारा एक सणसणीत बॉक्सर. जिंकायच्या आधीच माझ्या शहाण्याने नोकरीचा राजीनामा देऊन टाकला.

तिसऱ्या फेरीत उत्तनचा माणूस पडला. मी रिंगला चिकटून उभी होते. त्याचं गार्ड उडून माझ्या पायाशी आलं, मी रुमालात उचललं. घरी येऊन दिव्याखाली धरलं. त्यावर दाढांचा खड्डा तर सोडाच, ओरखडासुद्धा नव्हता. तीन फेऱ्यांत ह्या माणसाने एकदाही दात आवळले नव्हते.

मग मी लढतीचा मोबाइलवर घेतलेला व्हिडिओ उघडला. किती वेळा बघितला कोण जाणे. तिसरी फेरी. उत्तनवाला दोन पावलं मागे सरकतो, दोन्ही हात खाली सोडतो, मान वळवून रेफरीकडे बघतो आणि तोंड उघडून काहीतरी म्हणतो. त्याच क्षणी माझ्या भावाचा उजवा हात बसतो नि तो धाडकन पडतो. हात खाली, मान वळवलेली, तोंड उघडं. आता हो! ह्याला पडणं नाही म्हणायचं तर काय म्हणायचं? इशारा झाला, मार, मी तयार आहे.

मी भावाला गार्ड दाखवलं. "हे बघ. ह्यात पाणी मुरतंय. तो माणूस लढायला आलाच नव्हता."

"ताई, पुरे आता."

"पुरे काय? तुझे सहाही असेच असतील तर तू जिंकलास कुणाला? आणि तो परदेशी काय पडायला येणार आहे? तो तुझी हाडं मोजेल!"

"तुला माझं चांगलं बघवतच नाही," असं म्हणून तो उठला आणि दाराच्या चौकटीला खांदा आपटत बाहेर गेला. तेव्हा तो सारखाच कुठे ना कुठे आपटायचा. मला वाटलं, जिंकून जिंकून मस्ती चढलीय, धड बघूनही चालत नाही.

आयोजकाने तर कानावर हातच ठेवले. "मॅडम, इतना शक मत करो, तबियत खराब होगी." मी म्हटलं, ठीक आहे, हा ताकास तूर लागू देणार नाही. जो पडला त्यालाच विचारते. रविवारी स्टेशनबाहेरून उत्तनची बस पकडली. गार्ड रुमालात बांधून पर्समध्ये घेतलं, पोलिसांत पुरावा न्यावा तसं.

किनाऱ्याला उतरले. बांबूंवर बोंबील वाळत होते. नाव घेतल्याबरोबर एका पोरीने घर दाखवलं. तो ओट्यावर बसून जाळं दुरुस्त करत होता, गालावर अजून निळसर डाग होता. मला बस लागली होती, डोकं तापलं होतं, मी नमस्कारबिमस्कार काही केला नाही. गार्ड त्याच्यासमोर धरलं.

"हे तुमचं. एकदाही चावलं नाहीत. पडायलाच आला होता ना? खरं सांगा. माझ्या भावाच्या जिवाचा प्रश्न आहे."

त्याची बायको आतून तरातरा बाहेर आली. "कोण गो ही? घरात येऊन माज्या नवऱ्याला चोर बोलते!" त्याने तिला हाताने थांबवलं. माझ्याकडे शांतपणे बघितलं. मला त्या शांतपणाचाही संशयच आला.

"बस बाय," तो म्हणाला. "मी पडायला आलो न्हवतो. जिंकायलाच आलो होतो. पन चावलं न्हाय, ते खरं हाय. तुझा भाऊ मारतो त्यात दम हाय, पन पहिल्या दोन फेऱ्यांत माझ्यापर्यंत पोचला कुठं? मला दात आवळायची पाळीच आली न्हाय."

"मग तिसऱ्या फेरीत हात का सोडले?"

त्याने जाळं बाजूला ठेवलं, उभा राहिला आणि मला समोर उभं केलं. आपला उजवा हात हळूच माझ्या डाव्या कानाजवळून आणला. मी आपसूक डोळे मिटले, मान मागे घेतली.

"बघ. तू बाईमानूस, कदी रिंगमदी गेली न्हाय, तरी तुझी पापनी लवली. मी तुझ्या भावाला ह्या बाजूने तीनदा मारलं. तीनदा! त्याची पापनी लवली न्हाय. पहिल्यांदा वाटलं, मला हसतोय. दुसऱ्यांदा वाटलं, लई हिंमतवाला हाय. तिसऱ्यांदा समजलं, ह्याला दिसतच न्हाय. डाव्या डोळ्याने तुझा भाऊ आंधळा हाय बाय."

मी हातातलं गार्ड परत रुमालात गुंडाळलं. 

"आंधळ्या बाजूने मारायचं, ते जमलं न्हाय मला. म्हणून हात सोडला. पंचाला सांगत होतो, साहेब, ह्याला बगा, ह्याचा डोळा बगा. तोंड उघडलं आनि त्याने मारला." तो जबड्यावरून हात फिरवत कसनुसं हसला. "चावायला टायम कुठं मिळाला?"

मी तिथेच ओट्यावर बसले. त्याच्या बायकोने पाण्याचा तांब्या आणून ठेवला. मला इतकी लाज वाटली की मी तो उचललाही नाही. मी ह्या माणसाच्या दारात त्याला खोटा ठरवायला आले होते. तो व्हिडिओ मी इतक्या वेळा बघितला, आणि प्रत्येक वेळी त्याच्याकडेच बघितला. त्याच व्हिडिओत माझा भाऊ तीन ठोसे न बघता खातोय, ते मला एकदाही दिसलं नाही. मी हात जोडून माफी मागितली. तो म्हणाला, "माझं सोड. त्याला थांबव. तो परदेशवाला हात सोडनार न्हाय."

बसमध्ये मला एकेक आठवायला लागलं. दाराच्या चौकटी. भाऊ हल्ली कोणी हाक मारली की अख्खा वळून बघतो. जेवताना ताटात डावीकडची चटणी तशीच राहते. मला वाटायचं, ह्याला आता माझ्या हातची चटणी नको. मी चटणी करणंच बंद केलं होतं. असली मी शहाणी.

तरीसुद्धा, खरं सांगते, घर येईपर्यंत मला उत्तनवाल्याचा पुन्हा संशय यायला लागला. हरलेला माणूस काहीही सांगेल. कशावरून हा भावाची सातवी लढत मोडायला बघत नसेल? म्हणून मी भावाला सरळ विचारलं नाही. विचारलं असतं तरी त्याने नाहीच म्हटलं असतं. मी म्हटलं, "ये, बस, सातव्या लढतीसाठी नवीन माप घेते."

तो खुशीत जेवणाच्या टेबलाशी बसला. मी मापाचं गुलाबी मिश्रण ढवळलं, ट्रेमध्ये भरलं, त्याच्या तोंडात बसवलं. ते घट्ट व्हायला दोनेक मिनिटं लागतात. तेवढा वेळ माणसाला बोलता येत नाही आणि हलताही येत नाही. माझा डावा हात ट्रेवर होता. उजवा तळवा मी त्याच्या उजव्या डोळ्यावर ठेवला.

तो एकदम ताठ झाला.

"किती बोटं आहेत?" मी विचारलं.

तो नाकातून जोरात श्वास घ्यायला लागला. मी पुन्हा विचारलं, "सांग रे, किती बोटं?"

त्याने हात वर केला आणि दोन बोटं दाखवली.

माझे दोन्ही हात त्याच्या तोंडावर होते. बोटं दाखवायला मला हातच उरला नव्हता.

मी ट्रे काढला नाही. मिश्रण घट्ट होईपर्यंत तशीच उभी राहिले, कारण सोडलं असतं तर मी त्याला थोबाडीत मारली असती. मग ट्रे काढला. त्याच्या ओठांवर गुलाबी कण लागले होते आणि तो लहान पोरासारखा रडत होता. मीही रडले. मग ओरडले. काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही.

दुसऱ्या लढतीनंतर सरावात एक फटका बसला होता. डाव्या डोळ्यासमोर कोपऱ्यातून काळा पडदा येऊ लागला, आणि महिन्या-दोन महिन्यांत डोळा पूर्ण झाकला गेला. मग डॉक्टरांनी पास कसा केला? हे ऐकून मी कपाळावर हात मारला. ज्या दवाखान्यात तपासणी व्हायची तिथे भिंतीवर तोच एक जुना तक्ता होता. उजव्या डोळ्याने आधी वाचायचा तेव्हाच अक्षरं पाठ करायचा आणि डाव्याच्या वेळी म्हणून दाखवायचा. लढतीच्या दिवशीचा डॉक्टर फक्त टॉर्च मारायचा आणि ब्लडप्रेशर बघायचा.

"ताई, एकच लढत," तो म्हणाला. "एका डोळ्याचे लोकसुद्धा जगज्जेते झालेत, मी व्हिडिओ दाखवतो तुला. ही एक झाली की मी स्वतःहून डॉक्टरकडे जातो. आईची शपथ."

"आईला मध्ये आणू नकोस."

"मी सहा जिंकलोय ताई! सहाच्या सहा! उद्या हे सोडलं तर माझ्याकडे काय आहे? नोकरीपण नाही."

त्याने माझे पाय धरले. एकशे चार किलोचा माणूस जमिनीवर बसून पाय धरतो तेव्हा काय वाटतं ते मी सांगू शकत नाही. सांगू नको ताई, कुणाला सांगू नको. मी मान हलवली. त्याने ती हो समजली. मी त्याला तसं समजू दिलं, हेही लिहून ठेवते.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो पळायला गेल्यावर मी रिक्षाने थेट आयोजकाकडे गेले. लढतीचा डॉक्टर तिथेच बसला होता. म्हटलं, ह्याचा डावा डोळा तपासा, आणि तक्त्यावर नको, मशीनवर तपासा. आयोजकाचा चेहरा पडला, मुख्य लढतीचे बॅनर लागलेले होते. पण डॉक्टर माणूस भला निघाला. त्याने माझ्यासमोर भावाला फोन लावला आणि तासाभरात डोळ्यांच्या हॉस्पिटलला बोलावलं. डाव्या डोळ्याच्या आतला पडदा, म्हणजे रेटिना, कधीचाच सुटला होता, तो डोळा परत येण्याची आशा नाही, असं तिथले डॉक्टर म्हणाले. उजव्यातही पडदा एका जागी विरला होता, पातळ झाला होता. आणखी एक जोरदार मार बसला असता तर तोही गेला असता. त्याच दिवशी लेसर केलं.

उत्तनवाल्याला त्याच्या जागी बोलावलं. तो परदेशी माणसासमोर आठही फेऱ्या उभा राहिला आणि गुणांवर हरला. मी त्याच्यासाठी नवीन गार्ड बनवून दिलं होतं. ते परत आलं तेव्हा दाढांनी आरपार भोकं पाडली होती.

भाऊ माझ्याशी नऊ दिवस बोलला नाही. मी ताट वाढायचे, तो जेवायचा. दिवसातून चार वेळा उजव्या डोळ्यात थेंब घालावे लागायचे, तेव्हाही तो छताकडे बघायचा, माझ्याकडे नाही. दहाव्या दिवशी दुपारी मी बाटली घेऊन उभी राहिले, तर त्याने माझा हात धरून थांबवला.

"सहा जण आले, एकालाही मला हरवता आलं नाही. तू हरवलंस."

मला वाटलं, सांगावं, तुझ्यासाठीच केलं रे. पण ते त्यालाही ठाऊक होतं, आणि तेवढ्याने त्याचं दुःख काही कमी होत नव्हतं.

"हो, हरवलं," मी म्हटलं. "आता मान मागे कर."

त्याने मान मागे केली.